अर्धी पिंपळी

मगधच्या राजाच्या स्वयंपाकघरात बटाटा नव्हता, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बटाटाच सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. राजा मग उपासाला काय खायचा, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साबुदाणा नव्हता, शेंगदाणे नव्हते, टोमॅटो नव्हता आणि मिरचीसुद्धा नव्हती. ही सगळी मंडळी शेकडो वर्षांनंतर परक्यांच्या जहाजांमागोमाग आपल्याकडे आली. सासूबाईंनी एकदा हातातल्या बटाट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघांत बटाटाच घरचा आहे असं ठरवून टाकलं.

"मिरचीशिवाय एवढं राज्य केलं?" त्या म्हणाल्या. "कमाल आहे."

आम्ही तेव्हा जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहत होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवरा गाड्यांचे गिअरबॉक्स तपासायच्या नोकरीत होता, मुलगी किंडरगार्टनमध्ये जात होती आणि मी प्राचीन भारताच्या इतिहासातली पुण्याची एम.ए.ची पदवी कपाटात ठेवून घर सांभाळत होते. इंजिनियरांच्या त्या गावात लोक भेटले की पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय करता ते विचारत. मी 'हाउसफ्राऊ', म्हणजे गृहिणी, म्हटलं की समोरचा माणूस फार प्रेमाने हसायचा आणि मग नवऱ्याकडे वळून बोलायला लागायचा. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा.

सासूबाई दसऱ्याच्या सुमाराला आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही तो आवाज त्यांनी शाळेला परत केला नव्हता. दर रविवारी पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन यायचा. पहिल्याच रविवारी मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना त्यांचं बोलणं कानावर आलं. सून काय करते, असं पलीकडून विचारलं असावं. "ती? ती घरीच असते," सासूबाई म्हणाल्या आणि इथल्या थंडीबद्दल बोलायला लागल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पण त्याच सुमाराला माझं नशीब जरा हललं होतं. मी संध्याकाळी जर्मन शिकायला फोक्सहोखशुलेत जायचे. नोकरी-धंदा करणारी माणसं तिथे संध्याकाळी भाषा, शिवण, स्वयंपाक असं काहीबाही शिकायला येतात. एकदा वर्गात प्रत्येकाने आपल्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. मी मगधच्या साम्राज्याच्या धान्यकोठाराबद्दल बोलले. क्रियापदं चुकली, लिंगं तर सगळीच चुकली, पण धान्य उंचावर का ठेवत, तेल मातीच्या भांड्यात का, मीठ जमिनीवर का, हे सांगताना मी इतकी रंगले की पाच मिनिटांची वीस झाली. आमच्या बाईंनी मला उचलून स्वयंपाक विभागाच्या प्रमुखबाईंपुढे नेऊन उभं केलं.

प्रमुखबाई उंच होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मिरची येण्याआधीचा भारत, राजाच्या स्वयंपाकघरातून, ही कल्पना त्यांना फार आवडली. मिरची नव्हती तर मग तिखट कशाने, असं त्यांनी विचारलं. मी नुकतंच कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं: 'लांगर फेफर', म्हणजे लांब मिरी. काळ्या मिरीची बहीण, चवीला जास्त तिखट आणि मागाहून किंचित गोड. एक संध्याकाळ करून बघू, त्या म्हणाल्या. लोकांना आवडली तर पुढच्या सेमिस्टरला पूर्ण वर्ग तुमचा. आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी ठळक अक्षरांत छापलं, की या संध्याकाळी 'लांगर फेफर' चाखायला मिळेल.

मी ती आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती.

मला तो वर्ग हवा होता. नुसता आवडला असता असं नाही, अगदी जिवापासून हवा होता. या देशात मी कशासाठी आहे, याचं स्वतःचं असं एक उत्तर मला पाहिजे होतं, आणि माझ्याजवळ जे होतं ते अडीच हजार वर्षं जुनं होतं.

बाकी तयारी मजेत चालली होती. रोज दुपारी मी माझी जुनी टिपणं घेऊन ओट्याशी बसायचे आणि सासूबाईंना राजवाड्यातल्या गोष्टी सांगायचे. कोठारात आलेल्या मालातला अर्धा भाग वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवायचा, अर्धाच वापरायचा, आणि नवा माल आला की जुना काढून नवा ठेवायचा असा नियम होता, हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यात नियम कसला, सगळेच करतात. खरंच होतं. आमच्या इमारतीखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, प्रत्येक घराला एक जाळीची खोली होती. आम्ही तिथे सायकली आणि रिकामी खोकी ठेवायचो. सासूबाईंनी आल्या आल्या खोकी बाहेर काढली आणि तिथे तांदूळ, मूग, साखर आणि गव्हाच्या पिठाची पाकिटं लावली. आधीची पुढे, नवी मागे. त्या केलरला कोठी म्हणायच्या. कोठी हा शब्द संस्कृतातल्या 'कोष्ठ'पासूनच आलेला आहे हे मी सांगायला गेले तर म्हणाल्या, आलेला असेल, तू खाली जाऊन मूग आण.

फक्त एका गोष्टीवर आमचं जमेना. राजाच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याने आधी स्वतः चव घ्यायची, मग अन्नातला घास विस्तवाला आणि पक्ष्यांना घालायचा. ज्वाळ निळी झाली, पोपट-मैना ओरडल्या, तर अन्नात विष. सगळं ठीक असलं तरच ताट राजापुढे. सासूबाईंनी जन्मात कधी शिजत्या अन्नाची चव घेतली नव्हती. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. मीठ त्यांना वासावरून कळायचं, आणि कळायचं हे मला कबूल करावं लागतं. मी मात्र चमचा हातात धरूनच स्वयंपाक करणारी.

"राजाला शत्रू असतात," त्यांनी निकाल दिला. "देवाला कोण विष घालणार?"

लेकीला पोपटाचं फार कौतुक वाटलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. युद्धानंतर शस्त्र खाली ठेवलेल्या मगधच्या त्या सम्राटाच्या स्वयंपाकघरात रोज हजारोंनी जनावरं मारली जायची, मग ती कमी करत करत दोन मोर आणि एका हरणावर आली, ही गोष्ट मी तिला एक चांगलं उदाहरण म्हणून सांगितली होती. ती त्या दोन मोरांसाठी भोकाड पसरून रडली. शेवटी मी तिला त्या संध्याकाळपुरतं राजाचा पोपट नेमलं. विषाचा संशय आला तर ओरडायचं, नाहीतर गप्प बसायचं. तिला पहिला भाग आवडला.

राहता राहिली लांब मिरी. गावातल्या आशियाई दुकानात मिळाली नाही. तिथल्या माणसाने काळी, पांढरी, हिरवी आणि गुलाबी अशा चार मिऱ्या दाखवल्या, लांब एकही नाही. त्या आठवड्यात आमच्या ओळखीचा एक संशोधक पुण्याला गेला होता. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तो पीएच.डी. करत होता आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा. मी कॉलिंग कार्डावरून त्याला फोन लावला. लाइन खरखरत होती, माझाच आवाज मला उलटा ऐकू येत होता. लांब मिरी आण, मी ओरडून सांगितलं. हो हो, कळलं, तो म्हणाला. नीट बघून आण, लांबच हवी, मी पुन्हा बजावलं.

तो परत आला तो विमानतळावरून थेट आमच्या घरी. बॅगेतून एक भलंमोठं पुडकं काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि कर्तव्य पार पाडल्याच्या चेहऱ्याने बसला. आत ब्याडगी मिरच्या होत्या. लालभडक, सुरकुतलेल्या, आणि काय त्यांची लांबी.

"वहिनी, लाँगेस्ट वाल्या आहेत," तो म्हणाला. "आईने एकेक निवडून दिल्यात."

त्याच्या आईने ओट्यावर मिरच्या पसरून एकीशेजारी एक मापून पाहिल्या असणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला रडावं की हसावं ते कळेना. मिरची नसलेल्या स्वयंपाकासाठी मी साता समुद्रापलीकडून मिरच्या मागवल्या होत्या. त्याला मी चहा दिला, आईला खूप खूप आभार सांग म्हटलं. सासूबाईंनी तेवढ्यात पुडकं नाकाशी नेऊन, उत्तम आहेत, असा शेरा मारला आणि ते कोठीत नेऊन ठेवलं.

कार्यक्रम चार दिवसांवर होता. काळी मिरी घाल, नवरा म्हणाला. जर्मनांना काय कळतंय. पण काळी मिरी त्यांच्या प्रत्येक टेबलावर असते. तीच चाखायला कोण फी भरून येणार? आणि पत्रिकेत छापलेलं एक आणि पातेल्यात दुसरंच, हे त्या देशात कोणी हसून सोडून देत नाही. प्रमुखबाईंना फोन करून संध्याकाळ रद्द करावी या विचारापर्यंत मी आले होते. जर्मनमध्ये काय बोलायचं ती वाक्यंही मनात जुळवली होती, आणि या वेळी नेमकी लिंगं सगळी बरोबर येत होती.

दुसऱ्या दिवशी लेक खोकत घरी आली. सासूबाईंनी पर्समधून त्यांची औषधांची छोटी डबी काढली, त्यातलं काहीतरी सहाणेवर उगाळलं, मधात कालवलं आणि चाटण तिच्या तोंडात घातलं. लेकीने तोंड वेडंवाकडं केलं.

"शार्फ," ती म्हणाली. तिखट.

मी भांडी पुसत होते. तो शब्द ऐकून मी फडकं खाली ठेवलं, वाटी उचलली आणि उरलेलं चाटण बोटाने चाटलं. आधी मध, मग तिखट, घशात उतरत जाणारं, आणि त्याच्या मागाहून हलका गोडवा. लहानपणी प्रत्येक पावसाळ्यात आईने माझ्या तोंडात कोंबलेली ती चव. सासूबाईंना विचारलं, हे काय घातलंत? पिंपळी, त्या म्हणाल्या, दुसरं काय घालणार. मी डबी ओढून घेतली. आत काळपट, खडबडीत, बोटाच्या पेराएवढ्या दांड्या होत्या. मी वाचलेल्या लेखात 'लांगर फेफर'चं चित्र होतं ते अगदी हेच.

पिंपळी मला जन्मापासून ठाऊक होती. लांब मिरी मला वाचून ठाऊक होती. आमच्या घरात या दोघींची आजवर ओळखच झालेली नव्हती. जर्मन नावाचं शब्दाला शब्द मराठी करून मी ते पुण्यापर्यंत ओरडले होते, आणि पिंपळी एवढं म्हटलं असतं तर त्या पोराच्या आईने पाच मिनिटांत काष्ठौषधींच्या दुकानातून आणून दिली असती. मी स्वयंपाकघरात खाली बसून इतकी हसले की लेक खोकायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

सासूबाई हसल्या नाहीत. मला ती सगळी हवी आहे हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी डबी परत ताब्यात घेतली होती. ते औषध आहे, वरणात घालायची वस्तू नाही, असं त्यांनी आधी सुनावलं. मी पत्रिका दाखवली, छापलेला शब्द दाखवला, माझी सगळी अडचण सांगितली. मग त्यांनी पिंपळ्या टेबलावर ओतल्या आणि त्यांचे दोन सारखे ढीग केले.

"अर्धी घे," त्या म्हणाल्या. "अर्धी राहू दे. पोरीला पुन्हा खोकला झाला तर या देशात मी काय करू?"

मगधच्या कोठाराचा अधिकारी आला असता तर त्याने त्यांच्या पाया पडून नोकरी सोडली असती. मी निमूटपणे माझा अर्धा ढीग उचलला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नवरा कामासाठी बाहेरगावी होता, त्यामुळे सासूबाई आणि लेक दोघीही माझ्याबरोबर आल्या. फोक्सहोखशुलेतलं स्वयंपाकघर मोठं आणि चकचकीत होतं. लोक धरले होते त्यापेक्षा जास्त आले. निवृत्त माणसं, दोन विद्यार्थिनी, एक जाडजूड आजोबा, ज्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की त्यांना खूप तिखट चालतं. प्रमुखबाई मागच्या खुर्चीत बसल्या. सासूबाई कोपऱ्यात नऊवारीवर स्वेटर घालून, पर्स मांडीवर धरून बसल्या आणि शेजारी राजाचा पोपट.

मी बोलायला लागले. कोठार सांगितलं, तेलाची मडकी सांगितली, वाईट दिवसांचा अर्धा भाग सांगितला. बुटरश्माल्झ म्हणजे आमचं तूपच, हे कळल्यावर त्यांना आपण राजाचे नातेवाईक असल्यासारखा आनंद झाला. आम्ही मुगाचं कढण केलं, जवाची पेज केली, तांदळाची मधातली खीर केली. पिंपळी तुपात परतून लाटण्याने कुटली तेव्हा सगळे ओट्याभोवती दाटीवाटीने उभे राहून वास घेत होते. मग मी चव घेण्याची चाल सांगितली, विस्तव आणि पक्षी सांगितले, आणि तिखटवाल्या आजोबांनी मध्येच विचारलं की मग आज राजाच्या आधी कोण खाणार. आचारी, मी म्हटलं, म्हणजे मी. गेनाऊ, अगदी बरोबर, ते म्हणाले, पण आचारीच विष घालणारा असेल तर?

सगळे हसले. ते काय म्हणाले, सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्या उठल्या.

"परीक्षा आहे ना तुझी?" त्या म्हणाल्या. "मी खाते."

मी घाबरलेच. जिने जन्मात शिजत्या पातेल्यातलं जिभेला लावलं नाही ती बाई पंधरा-वीस परक्या माणसांसमोर कढणाच्या पातेल्याकडे निघाली होती. त्यांनी नळाखाली हात धुतले. ओंजळीत पाणी घेऊन पातेल्याभोवती फिरवलं, डोळे मिटले, ओठ हलवले. देवाचं देणं तिथल्या तिथे चुकतं करून टाकलं. एका विद्यार्थिनीने ते पाणी म्हणजे विषाची परीक्षा का, असं विचारून तसं लिहूनही घेतलं, आणि मी तिला सुधारलं नाही. मग सासूबाईंनी तळहातावर थोडं कढण घेतलं आणि प्यायल्या. पोपट डोळे मोठे करून गप्प होता.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग मान हलवली. "पिंपळी कमी पडली."

मी हळूच म्हटलं, आई, सगळी घातली, अर्धीच होती. त्यावर त्या खुर्चीकडे गेल्या, पर्स उघडली, औषधाची डबी आणली आणि वाईट दिवसांसाठी ठेवलेला उरलेला अर्धा भाग माझ्या हातावर ओतला. माझे डोळे भरून आले. मला त्यांना मिठी मारायची होती, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी पिंपळी कुटायला घेतली.

लोक मात्र काय झालं ते न कळून एकमेकांकडे बघत होते. तेव्हा माझी लेक खुर्चीवर उभी राहिली आणि खणखणीत जर्मनमध्ये तिने सांगून टाकलं की आजी म्हणते विष नाही, पण तिखट कमी आहे. असा हशा पिकला की प्रमुखबाईंचा चष्मा नाकावरून सुटून दोरीवर लोंबला. आजोबांनी कढण तीनदा घेतलं, घाम पुसत. शेवटी भांडी धुताना प्रमुखबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, फडकं उचललं आणि म्हणाल्या, आल्झो, तर मग, पुढच्या सेमिस्टरला मंगळवार चालेल का तुम्हाला? मी 'या', म्हणजे हो, एवढंच म्हटलं. क्रियापद लागलंच नाही, त्यामुळे चुकलंही नाही.

पुढचं सेमिस्टर सुरू व्हायला अजून चांगले तीन महिने होते. रविवारी पुण्याहून फोन आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या आणि मी त्यांच्या समोर बसून बटाटे सोलत होते. थंडीबद्दल बोलून झालं, पोरीचा खोकला गेला हे सांगून झालं. मग पलीकडून त्यांच्या बहिणीने, सुनेला जरा फोन दे, असं म्हटलं असावं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला हाताने गप्प बस अशी खूण केली.

"ती आत्ता घरी कुठली?" त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. "ती शिकवायला जाते."

मी आवाज न करता बटाटे सोलत राहिले.